‘वेळ बराच दिसतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डायनिंगच्या खुर्च्यांच्या सीट घरच्या घरी बदलण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर आपण लिहिलंत, “मॅडम, तुम्हाला वेळ बराच दिसतो. जुनं कापड काढत बसायची गरज नसते, वरूनच नवं मारायचं. फोम ३२ डेन्सिटीचा पुरतो, ४० चा म्हणजे उगाच खर्च. आणि पिना किती लांबीच्या घ्यायच्या, तेही सांगितलेलं नाही.”

पिनांचं, म्हणजे सीटच्या प्लायवर कापड पक्कं करणाऱ्या स्टेपलच्या पिनांचं, म्हणणं मान्य. १२ मिलिमीटरच्या प्लायला ८ किंवा १० मिलिमीटरची पिन पुरे. ते आता लेखात घातलंय.

पण ते पहिलं वाक्य कशासाठी? माझ्याकडे वेळ किती, याचा खुर्चीशी काय संबंध? हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर त्याला आपण असं विचारलं असतं का? मला नाही वाटत. माझे वडील रत्नागिरीत सुतारकाम करायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या हाताखाली. पक्कड कशी धरायची ते मी तिथे शिकले, आणि त्या कामावर आमचं घर चाललं. वेळ जात नाही म्हणून कुणी ते करत नव्हतं. तेव्हा असं काही लिहिण्याआधी समोरचा माणूस कोण आहे, याचा थोडा तरी विचार करायला हवा होता.

राहता राहिलं ‘वरूनच मारायचं’. चौकटीत बसणाऱ्या सीटभोवती जेमतेम एका कापडापुरती फट असते. दुसरा थर चढला की सीट आत जात नाही. मग ती बुक्क्या मारून बसवतात आणि चौकटीचे सांधे उघडतात. वडिलांकडे अशा खुर्च्या यायच्या, सीट नवी कोरी आणि पाय डुगडुगणारे. शिवाय आमच्या खाऱ्या दमट हवेत जुनं रेक्झिन उचलून तर बघा. पिना गंजून काळ्या पडलेल्या असतात. एखादी ओढली तर आडवी दांडी पक्कडीत येते, दोन्ही टोकं प्लायमध्येच राहतात. फोमचा पिवळा भुगा झालेला, प्लायच्या कडा भुसभुशीत. तिथे नवी पिन धरणार कशाला? हे सगळं कापड काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी काढायला सांगते आणि यापुढेही सांगेन.

फोमचं ज्याचं त्याने ठरवावं. डेन्सिटी म्हणजे फोम किती दाट आहे ते, आणि रोजच्या वापराच्या खुर्चीला मी ४० चाच घालते. त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

आणि हो, टीका करायची तर नाव घालून करावी, असं मला वाटतं. कामातलं काही चुकलं असेल तर जरूर सांगा, कडक शब्दांत सांगा. माझ्या वेळेचा हिशेब मात्र मी इथे देणार नाही.