गरिबांना बचत शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना श्रीमंत करण्याची तळमळ सध्या बँकांपासून व्हॉट्सॲपच्या ग्रुपांपर्यंत सर्वत्र दिसते. तुम्हालाही हे पुण्यकर्म करायचे असेल, तर पुढील सूचना उपयोगी पडतील.

सर्वप्रथम त्यांना बाहेरचा चहा सोडायला सांगा.

भिशीला नाके मुरडा. बायका ठरल्या तारखेला पैसे भरतात, कुणाच्या घरी अडचण आली तर तिचा नंबर आधी लावतात आणि हे सारे एकाही अर्जाविना चालते. असल्या अडाणी व्यवहाराचे कौतुक तुम्हाला शोभणार नाही.

ज्यांच्या खात्यातून दरवर्षी मेअखेरीस विम्याचे 436 रुपये कापले जातात, त्यांना ते कशाचे हे सांगू नका. खातेदार दगावल्यास वारसाला दोन लाख मिळतात हे घरच्यांना कळले, तर शाखेत उगाच गर्दी व्हायची.

आणि कुणी मुदत ठेव ठेवायला आले, तर त्याच्या गळ्यात पॉलिसी मारा. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना भिशीचे वीस हजार मिळाले, ते एफडीत टाकायला त्या बँकेत गेल्या. “एफडीसारखेच आहे, वर विमाही मिळतो,” असे म्हणत साहेबांनी सह्या घेतल्या आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही विचारून घेतला. हे वीस हजार दरवर्षी भरायचे आहेत, हे मावशींना दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आल्यावर कळले. गेल्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत शाखेत गेले आणि अर्जाची प्रत मागितली. शिक्षण पदवीधर, वार्षिक उत्पन्न पाच लाख, आणि खाली मावशींनी कधी न पाहिलेला एक ई-मेल पत्ता! पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते खरी. पण ती ज्या पत्त्यावर पाठवली तो कुणाचा, हे साहेबांनाही आठवेना. “मॅडम, सही तर यांचीच आहे ना?” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

पाच लाख मिळवणारी बाई लोकांच्या घरी पोळ्या लाटायला कशाला जाईल, हा प्रश्न तो रकाना भरताना पडला नसेल काय? पडला असणारच, पण टार्गेट पुरे करायचे होते. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते, हेही या लोकांना ठाऊक असते. ते सांगून त्यांच्या पदरात काही पडत नाही, म्हणून सांगत नाहीत. ही सरळसरळ लुबाडणूक आहे, आणि ती सहीच्या आड दडवणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

तुम्हालाही, कारण “या लोकांना पैशाची शिस्तच नाही” हे वाक्य तुम्हीच चहाच्या कपावर बोलत असता. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचे पासबुक आणि पॉलिसीचे कागद एकदा वाचून पाहा. घोटाळा दिसला तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. तिथे दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. फुकटचा उपदेश करायला वेळ मिळतो, मग त्यांच्यासाठी एक अर्ज लिहायलाच का मिळत नाही?