माझ्यात काय लेदू?

परवा नवी पेठेतल्या एका दुकानात मी चाळीस सेकंदांच्या कामाचे तीनशे रुपये मोजून आलो. पैशांचं दुःख नाही. म्हणजे आहे, पण ते मागाहून. खरं दुःख एका शब्दाचं आहे. तिथे बसलेल्या सत्तरीच्या एका गृहस्थांनी माझ्याकडे बघत दुकानातल्या पोराला तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि दोघंही पोट धरून हसले. सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाला 'लेदू' म्हणजे 'नाही' एवढं कळतं, आणि त्या वाक्याच्या शेवटी 'लेदू' होतं. तेव्हा माझ्यात काहीतरी नाही हे नक्की. काय नाही, यावर दोन रात्री गेल्या.

झालं असं. आमचा लॅपटॉप दहा वर्षांचा, पण ठणठणीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ने त्याला दारातच अडवलं. प्रोसेसर जुना, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नाही. कीबोर्ड चालतो, स्क्रीन चालते, बॅटरीसुद्धा दीड तास तग धरते, पण यादीत नाव नाही म्हणून भंगार! पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, लिनक्स टाक. पण आतल्या डिस्कला हात लावू नकोस, बाहेरच्या एसएसडीवर टाक. वायर लावली की लिनक्स, काढली की विंडोज." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम, आणि एसएसडी म्हणजे खिशात मावणारी डिस्क. आतल्या डिस्कला हात न लावणं आमच्या घरी तसंही सक्तीचं आहे. तिथे बायकोच्या बचत गटाचा हिशोब असतो.

आधी पेनड्राइव्हवर नुसतं चाखून बघितलं. चालतं, पण बंद केलं की केलेलं सगळं विसरतं. शिवाय तापतं. नोव्हेंबरात एवढं, तर इथल्या एप्रिलमध्ये त्यावर भाकरी कडक करून घेता येईल. मग एसएसडी आणली आणि काळ्या पोर्टला लावून तासभर तिच्याकडे बघत बसलो. भाचा ओरडला तेव्हा समजलं की निळ्याला लावायची असते. काळा म्हणजे यूएसबी २.०, सेकंदाला ४८० मेगाबिट. निळा म्हणजे ३.०, सेकंदाला ५ गिगाबिट. दहापट फरक, आणि तो दाखवायला नखाएवढा निळा प्लास्टिकचा तुकडा. तोही टेबलाखालच्या अंधारात.

असो. लिनक्स बसलं, छान चाललं. दुसऱ्या दिवशी मिरवायला म्हणून मी एसएसडी खिशात घालून ऑफिसला गेलो. अकराला घरून फोन.

"अहो, हे ग्रब काय आहे?"

काळी स्क्रीन, त्यावर 'ग्रब' आणि एक बाण. वर एक इंग्रजी ओळ, बायकोने ती अक्षर अक्षर वाचून दाखवली. मिनिमल बॅश-लाइक लाइन एडिटिंग इज सपोर्टेड. "किमान काहीतरी चालतंय म्हणतंय, पण काय ते सांगत नाही," ती म्हणाली. मागून बचत गटाच्या अकरा बायकांचा आवाज येत होता.

घोळ असा की, इन्स्टॉलरने लिनक्स ठेवलं बाहेरच्या डिस्कवर, पण ते सुरू करून देणारा बूटलोडर, म्हणजे हा ग्रब, नेऊन बसवला आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे सुरू होताना मशीन आधी जिथे बघतं त्या कोपऱ्यात. वर बूटच्या रांगेत विंडोजच्या पुढे पहिला नंबर लावला. मला न विचारता. पाहुण्याने ओसरीवर पथारी टाकावी आणि घराच्या किल्ल्या स्वतःच्या कनवटीला लावाव्यात, तसं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी भाचा फोन उचलत नव्हता. घरी येऊन लॅपटॉप उचलला आणि दुकान गाठलं.

दुकानातल्या पोराने स्क्रीनकडे न बघताच विचारलं, "फॉरमॅट मारू का सर?" यांना ताप आला तरी हे आधी फॉरमॅट मारतील.

शेजारच्या स्टुलावर ते सत्तरीचे गृहस्थ. पोरगा त्यांना 'ताता' म्हणायचा, तेलुगूत आजोबा. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला सकाळपासून बसलेले. अंगठा यंत्रावर ठेवायचा, यंत्राने नाही म्हणायचं, पोराने "ताता, पुसून परत लावा" म्हणायचं, त्यांनी शर्टाला पुसून परत लावायचा. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात सूत हाताळून अंगठ्यावरच्या रेषा पार गेल्या होत्या. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. गोटीसारखा गुळगुळीत. समोर जिवंत माणूस बोलतोय आणि यंत्र म्हणतंय, जुळत नाही.

"तुमचं काय झालं ओ सर?"

"बूटलोडरचा प्रॉब्लेम," मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

"म्हंजे?"

मी समजावलं. एक सिस्टीम आत, एक बाहेर, मशीन एकच.

"माग एक, डिझाईन दोन."

"डिझाईन नाही, सिस्टीम."

"तेच की. आमच्या जेकार्डला वर पुठ्ठ्यांची माळ ऱ्हाती. भोकं पाडलेले पुठ्ठे. मोराची माळ चढवली की मोर येतंय, फुलाची चढवली की फूल. माग तोच." मग माझ्या खिशाकडे बोट. "ती तुमची माळ?"

"हो."

"बरं. आतली माळ हाय तशी हाय?"

"हाय."

"मग मागाला कोण सांगितलं, की खिशातली माळ बघ म्हणून?"

मी गप्प. इन्स्टॉलरने, असं म्हणता आलं असतं, पण त्या दुकानात इन्स्टॉलर मीच होतो.

"आन् माळ घेऊन तुम्ही हापिसला गेला," ताता म्हणाले. "माग बिचारा वाट बघत बसला." नंतर पोराकडे वळून ते तेलुगू वाक्य. शेवटी लेदू.

पोराने एफ-१२ दाबून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं, मग सेटिंगमध्ये जाऊन त्याला रांगेत वर घेतलं. विंडोज आलं.

"तीनशे."

"एक बटण दाबायचे?"

"दोन दाबले सर."

घरी येऊन चिडून वाचत बसलो, तर जोसेफ मारी जॅकार्डने फ्रान्समधल्या लिआँ शहरात पुठ्ठ्यांचा तो माग काढला १८०४ मध्ये. लिनक्स १९९१ चं. म्हणजे डिझाईन बाहेरून लावायची विद्या मागवाल्यांना १८७ वर्षं आधीपासून येते, आणि त्यांच्यातल्या एकासमोर मी तोरा दाखवला होता. जाऊ दे. ताता जिवंत असल्याचं यंत्राने शेवटी मानलं की नाही, ते मी विचारलंच नाही. माझा लॅपटॉप मिळाला आणि मी निघालो, याची आता लाज वाटते.

तेवढ्यात बायको. "अहो, सकाळचे सात वाजलेत म्हणतंय हे." भिंतीवर दुपारचे साडेबारा. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ भरतं आणि विंडोज तीच इथली समजून दाखवतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांची चूक. हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग अकराची मीटिंग अजून व्हायचीच आहे की. बोलवा त्या अकरा जणींना परत." रात्री जेवताना ती माझ्याशी लॅपटॉपच्याच घड्याळाप्रमाणे बोलली. वाढायला अजून साडेपाच तास होते.

आज सकाळी राहवलं नाही. शेजारच्या अक्कांचं माहेर-सासर दोन्ही तेलुगू. नळाला पाणी आलं होतं, त्या अंगणात घागरी भरत होत्या.

"अक्का, अमुक लेदू म्हणजे काय हो?"

"अमुक म्हंजे? आधी काय म्हणाले?"

"नीट ऐकू नाही आलं. बु... बुर्र का काहीतरी."

अक्कांनी पाइप घागरीत सोडला, पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळल्या. खांदे हलताना दिसत होते. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "करंट लेदू म्हणाले असतील ओ. लाईट गेली असंल."

दुकानात लाईट होती. पंखासुद्धा फिरत होता.