बाबांनी पोफळी लावल्या नाहीत

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला दुपारी आमच्या श्रीवर्धनवरून गेलं. वाडीतल्या दीडशे पोफळींपैकी, म्हणजे सुपारीच्या झाडांपैकी, एकवीस उभ्या राहिल्या, अकरा माडांपैकी चार. मी पनवेलला होते. फोन बंद, वीज नाही, तीन दिवस आईबाबा कसे आहेत तेच कळेना. चौथ्या दिवशी धाकट्या भावाने म्हसळ्याच्या बाजूला कुठेतरी रेंज पकडून फोन केला. "सगळे बरे आहोत, वाडी गेली," एवढं म्हणाला आणि लाइन तुटली.

पंधरा-सोळा दिवसांनी मी पोचले, तेव्हा बाबा वाडीतच होते. ज्या वाडीत भर दुपारीही गारवा असायचा, तिथे ऊन थेट डोक्यावर येत होतं. पोफळी एकमेकींवर आडव्या पडलेल्या, एक विहिरीच्या कठड्यावर, एक गोठ्याच्या कौलांत घुसलेली. मी धरूनच चालले होते की बाबा पुन्हा रोठ्याची, म्हणजे आमच्याकडच्या सुपारीची, रोपं आणणार. विचारलं तर म्हणाले, "पोफळ लावली की पाच-सहा वर्षं नुसतं पाणी घालायचं. भरात यायला आणखी तीन-चार. मी त्र्याहत्तरचा. माझ्याकडे आता अख्खी पोफळ नाही उरलेली गो. मी केळी लावतो. पोफळी लावायच्या तर तुम्ही दोघांनी ठरवा, आणि शिंपणार कोण ते आधी ठरवा."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. वाटलं, वादळाने यांचा धीर खचला. आजोबा नातवंडांसाठी आंबा लावतात, हीच गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. पण बाबा खचले नव्हते. त्याच पावसात त्यांनी केळीचे चाळीस मुनवे लावले. वाडीत आयतं ऊन आलं होतं, केळीला तेच हवं असतं. पुढच्या वर्षी घड आले. अर्धे बाजारात गेले, अर्धे वाडीवाडीत वाटले. त्या वर्षी त्यांना जितकं खुशीत पाहिलं तितकं आधीची दहा वर्षं पाहिलं नव्हतं.

आज हे लिहायला बसले, कारण सकाळपासून 'आजचा दिवस शेवटचा समजून जगा' हा मेसेज तीन ग्रुपवर आला. पूर्वी मलाही आवडायचा. पण खरं सांगा, आजचा दिवस शेवटचा समजलं तर उद्याच्या उसळीसाठी मटकी कोण भिजत घालेल? मुलीच्या कॉलेजची फी कोण भरेल? मरणाची आठवण ठेवायची म्हणजे उद्या नाहीच असं समजायचं, हे मला पटत नाही. बाबांनी ती आठवण वेगळ्या तऱ्हेने ठेवली. किती उरलंय, त्यात काय बसतं, आणि जे बसत नाही ते कुणाच्या हाती द्यायचं, एवढंच त्यांनी बघितलं.

आता सातबाऱ्याचं सांगते, कारण माझ्या मते कोकणात मरणाचा विचार तिथून सुरू व्हायला हवा.

वादळानंतर सरकारने बागायतीला हेक्टरी ५० हजारांची मदत जाहीर केली. हेक्टरी म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. आमची वाडी चौदा गुंठ्यांची, म्हणजे सात हजार. भाऊ सातबारा घेऊन गेला तर त्यावर एकोणीस नावं. त्यातली सात माणसं मेलेली. पणजोबांचं नाव, त्यांच्या दोन भावांची, लग्न होऊन बडोद्याला गेलेल्या एका आत्याआजीचं. जी हयात आहेत त्यांची संमतीपत्रं आणा, जी गेली त्यांच्या वारसांची आणा, असं सांगण्यात आलं. लॉकडाऊनमध्ये, बंद फोनवर, सात हजारांसाठी. भावाने शेवटी नाद सोडला. आमच्या आळीत असे कितीजण होते. वाडी उन्मळून पडलेली डोळ्यांसमोर दिसते आणि कागदावर मात्र मेलेली माणसं अजून मालक म्हणून उभी.

कायदा सांगतो की माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसाची खबर तलाठ्याकडे द्यायची. फेरफार होतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी मंजूर करतात. आपल्याकडे बाराव्या-तेराव्याला हा विषय काढला की लगेच, "अजून चितेची राख निवली नाही आणि यांना जमिनीचं पडलंय." मग राख निवते, चाकरमानी मुंबईला जातात, आणि पुढची चाळीस वर्षं कुणीच विषय काढत नाही. मी याला लाज म्हणणार नाही, प्रेमही म्हणणार नाही. हा आळस आहे, आणि त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

दुसरी गोष्ट २०२२ मधली. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, एक्कावन्नाव्या वर्षी झोपेतच गेला. डोंबिवलीला राहायचा, चांगली नोकरी, घरात सगळ्यांना सल्ला देणारा माणूस. रात्री सगळं आटोपून आम्ही परत आलो तर वहिनी स्वयंपाकघरात खाली बसलेली, मांडीवर दादाचा फोन. लग्नाची तारीख टाकली, नाही उघडला. मुलाचा वाढदिवस, नाही. गाडीचा नंबर, नाही. मग फोनने थांबायला सांगितलं. ती तशीच स्क्रीनकडे बघत थांबली, आणि मुदत संपल्यावर पुन्हा आकडे टाकायला लागली. तिला पैसे नको होते त्या रात्री. तिला एवढंच कळायचं होतं की घराचा हप्ता कुठल्या खात्यातून जातो, कारण पाच तारीख दोन दिवसांवर होती.

पुढचं वर्षभर ती बँकेच्या पायऱ्या झिजवत होती. एका खात्याला नॉमिनी होत्या काकू, दादाच्या आई. लग्नाआधीचं खातं, बदलायचं राहून गेलं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे तेवढ्यापुरतं ते नाव, पैसे वारसांचेच. काकू सरळ मनाच्या, म्हणून निभावलं. प्रत्येक घरात निभावतंच असं नाही. आणि कुणी विचारलंच नाही तर दहा वर्षांनी पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसांना ती नंतरही मागता येते, 'उद्गम' पोर्टलवर शोधताही येते, पण मुळात असं काही होतं हे ठाऊक तर हवं.

दादाच्या दिवसांना बाबा आले होते. परत जाताना गाडीत काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात आम्हा दोघा भावंडांना बोलावून घेतलं. आई कांदेपोहे करत होती, आत्या ओटीवर बसलेली. बाबांनी मला सरळ विचारलं, "तुला वाडीत हिस्सा हवा की नको? आत्ता सांग. मी गेल्यावर भावाला तोंड वर करून सांगता येणार नाही तुला, आणि त्यालाही विचारता येणार नाही." आत्या ओटीवरून ओरडली, "शुभ बोल रे जरा!" आत्याने स्वतः तीस वर्षांपूर्वी हक्कसोड करून दिली होती, कुणी काही न विचारता, फक्त सही कुठे करायची ते दाखवून.

२००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. पण आपल्या घरांत कायद्यापेक्षा ओशाळेपणा मोठा. मी म्हटलं, हवा. तोंडातून शब्द निघताना घशाशी आलं, मी काहीतरी हावरट बोलतेय असं वाटलं. भाऊ म्हणाला, "मग शिंपायलाही ये." सगळे हसलो. त्या दिवशी जे बोलणं झालं त्याने आमचं नातं टिकलं, असं मी आज शपथेवर सांगेन.

बाबांनी मृत्युपत्र साध्या कागदावर लिहिलं. त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदार लागतात, त्यांच्यासमोर सही करायची आणि त्यांनीही सह्या करायच्या. शेजारचे दोघे आले, चहा प्यायले, सह्या करून गेले. अर्ध्या तासाचं काम. आणि एक वही केली. पासबुकं कुठे, विम्याची पॉलिसी कुठे, पंपाचं बिल कुणाच्या नावावर, कुणाकडून किती येणं आहे, आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात: 'मला माणगावच्या पुढे नेऊ नये.'

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. श्रीवर्धनहून म्हसळा, म्हसळ्याहून माणगाव, आणि तिथे जमलं नाही तर पनवेल नाहीतर मुंबई, रुग्णवाहिकेत चार-साडेचार तास. त्यापुढे अतिदक्षता विभाग, नळ्या, काचेपलीकडचे नातेवाईक. आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची एक ओळ कायद्याच्या चौकटीत बसलीही नसती. पण ती आम्हाला उद्देशून होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. माणगावात डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेऊन बघू शकता, खात्री देत नाही. भाऊ गाडीची व्यवस्था करायला निघालाच होता. आई म्हणाली, "त्यांनी लिहून ठेवलंय ना?" एवढंच. आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. त्यांचा डावा हात माझ्या हातात होता, नखांत केळीच्या चिकाचे काळे डाग होते, शेवटपर्यंत निघाले नाहीत. अस्थी हरिहरेश्वरला नेल्या. मुंबईला नेलं असतं तर जगले असते का, हा प्रश्न मला अजून रात्री उठवतो. पण तो निर्णय माझा नव्हता, भावाचाही नव्हता, आणि म्हणून आम्ही एकमेकांना दोष देत बसलो नाही. ती ओळ लिहून त्यांनी आमच्यावर केवढे उपकार केले!

पैशांबद्दल मात्र मी बाबांपेक्षा आईकडून जास्त शिकले. आपण सगळे लवकर मरण्याची भीती बाळगतो. आई आज सत्त्याहत्तरची आहे. पेन्शन नाही, दोन्ही गुडघे गेलेले, आणि देव करो, अजून पंधरा वर्षं जगेल. आपल्याकडे बायको नवऱ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असते आणि बाईचं आयुष्यही सरासरीने जास्त. म्हणजे बहुतेक घरांत शेवटची काही वर्षं बाई एकटी काढते, आणि त्या वर्षांसाठी वेगळे पैसे कुणी बाजूला ठेवलेले नसतात. घर बांधलं जातं, गणपतीसाठी खोली वाढवली जाते, मुलाच्या लग्नात जेवणावळी उठतात. म्हणून मी दोन्ही बाजू धरल्या. मी लवकर गेले तर मुलीसाठी साठ वर्षांपर्यंतचा टर्म इन्शुरन्स. नव्वदपर्यंत राहिले तर माझ्यासाठी दर महिन्याला पीपीएफ, आणि त्याला हात लावायचा नाही, अगदी भावाने मागितले तरी. भावाला हे सांगून झालंय.

आणि नोकरी. मी सोडली नाही. मरणाचा विचार केला की नोकरी सोडावीशी वाटते म्हणतात, मला उलट ती पगाराची स्लिप जास्त मोलाची वाटायला लागली. फक्त मागच्या वर्षी अहमदाबादला बढतीवर बदली आली, ती मी घेतली नाही. मुलगी तेव्हा अकरावीत होती. बारावीनंतर ती जाणार, मग सुट्टीपुरती घरी येणार, जशी मी बाबांकडे जायचे. बढतीची मला सात-आठ वर्षांनीही फळं मिळाली असती. मुलीची दोन वर्षं मात्र केळीसारखी होती, घड एकदाच. साहेबांना हे असं नाही सांगितलं, घरगुती कारण म्हटलं. पगारातला फरक दर महिन्याला जाणवतो, हेही खरंच आहे.

पोफळी आम्ही लावल्या, २०२१ च्या पावसात, साठ. शिंपतो भाऊच. मी महिन्यातून एकदा जाते आणि पाट मोकळे करते, तेवढं मला येतं.

आता गणपती येतायत. वर्षातून हेच पाच-सात दिवस असे की सगळे हिस्सेदार एका छपराखाली असतात. नंतर प्रत्येकाच्या सहीसाठी ठाणे, विरार, पुणे करावं लागतं. गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर सातबारा मधे ठेवून बसा. कुणी म्हणेल सणासुदीला कशाला. म्हणू दे.

आमच्याकडे यंदा बडोद्याच्या त्या आत्याआजीची नात येतेय. आम्ही तिला कधी पाहिलेलं नाही, फोनवर बोललोय फक्त. तिला मराठी नीट बोलता येत नाही, समजतं म्हणाली. तिच्या आजीचा मृत्यूचा दाखला घेऊन येतेय, आणि विचारत होती की वाडीतली केळी अजून आहेत का.