‘गेन फुल ठेवा, बाकी सॉफ्टवेअर बघतं’: नाही बघत

“एसडीआर फॅक्टरीतूनच कॅलिब्रेट होऊन येतो, पुन्हा हात लावू नका. गेन फुल ठेवा. प्रीडिस्टॉर्शन चालू केलं की ॲम्प्लिफायर कितीही ताणा, सिग्नल स्वच्छच जातो.” हा मेसेज एका आठवड्यात साताऱ्यातल्याच तिघांनी मला पाठवला. तिघेही हॅम रेडिओचे लायसनवाले. (एसडीआर म्हणजे ज्याचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं तो रेडिओ; गेन म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते.)

फॅक्टरीत कॅलिब्रेट होतो, कबूल. पण कुठल्या फ्रिक्वेन्सीला, किती गेनवर, किती तापमानात? एसडीआरमध्ये सिग्नल आय आणि क्यू अशा दोन वाटांनी जातो. त्या दोघींत ॲम्प्लिट्यूडचा 1 टक्का आणि फेजचा 1 अंश फरक उरला, तरी मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दुसऱ्या बाजूला उमटणारी आरशातली प्रतिमा मूळ सिग्नलच्या जेमतेम 40 डीबी खाली (पॉवरचा दहा-हजारावा भाग) राहते. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर एस-9 च्या वर 20 डीबीने येणाऱ्या स्टेशनचं भूत मग मीटरवर एस-5 च्या पुढे दिसतं. जानेवारीच्या पहाटे जुळवलेला आकडा मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत टिकत नाही. रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलचंही तेच. हॅम उपग्रहांच्या 435 मेगाहर्ट्झला 1 पीपीएम (दहा लाखांत एक) चूक म्हणजे 435 हर्ट्झ. 25 पीपीएमचा असेल तर जवळजवळ 11 किलोहर्ट्झ. उपग्रह शोधत बसा.

गेनबद्दलचा सल्ला सगळ्यात घातक. आमच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्यावरचे मनोरे समोर दिसतात, त्यामुळे हे मला फुकटात शिकायला मिळालं. समजा 93 आणि 99 मेगाहर्ट्झला दोन दणकट स्टेशनं आहेत. गेन जास्त ठेवून रिसीव्हरचा पुढचा भाग त्यांच्या जोराखाली दबला की 87 आणि 105 लाही गाणी लागतात, तिथे कुणीही नसताना. ओळखायचं कसं? केबलवाल्याकडून मागून आणलेला सिग्नल 10 डीबीने कमी करणारा ॲटेन्युएटर मी अँटेनाच्या तोंडाशी लावतो. खरा सिग्नल 10 ने खाली येतो, भूत 30 ने. मग गेन किती ठेवायचा? अँटेना जोडल्यावर नॉइज थोडा वर चढला की बास. त्यापुढे वाढवाल ती फक्त भुतं.

प्रीडिस्टॉर्शनबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पसरतो. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटचा नमुना परत घेऊन सॉफ्टवेअर सिग्नलला आधीच उलटा वाक देतं, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर सांडणारा कचरा खरंच कमी होतो. पण वाकलेलं सरळ करता येतं, छाटलेलं नाही. ॲम्प्लिफायर पूर्ण भरला असेल तर शिखरासाठी द्यायला पॉवरच उरत नाही. चिपाड पुन्हा चरकात घालून रस निघतो का? वर तो नमुना घेणारा रिसीव्हरच ओव्हरलोड झाला, तर सॉफ्टवेअर त्याचाच दोष चांगल्या सिग्नलवर ‘दुरुस्त’ करत बसतं.

परवा संध्याकाळी त्या तिघांपैकी एकजण 7 मेगाहर्ट्झवर होता. आवाज 3 किलोहर्ट्झात मावायला हवा, पडद्यावर 9 दिसत होता. आधी स्वतःवरच संशय घेतला, ॲटेन्युएटर लावला. मधला सिग्नल 10 डीबीने उतरला. दोन्ही बाजूंचे खांदेही 10 नेच.