दीड हजारांची देखरेख

सरकारने गरिबाच्या खात्यात पैसे टाकले की आपलं काम सुरू होतं. पैसे टाकायला काय लागतं? पण त्या पैशांनी गरिबाचं खरोखर भलं झालं का, यावर कुणाचं तरी लक्ष हवं. दुपारी पेज-माशे जेवून पडवीतल्या झोपाळ्यावर बसणाऱ्या माणसाइतका वेळ दुसऱ्या कुणाकडे आहे? तेव्हा वाचकहो, ही जोखीम आपल्याच शिरावर. मी २०२४ च्या रक्षाबंधनापासून, म्हणजे लाडक्या बहिणीचे पहिले हप्ते आले तेव्हापासून, ती इमानेइतबारे पार पाडतो आहे. अनुभवाचे बोल ऐका.

आधी एक गरीब निवडा. शेजारचाच घ्या, म्हणजे चढउतार नको. माझ्या वाट्याला आलेली वहिनी काजूच्या कारखान्यात जाते आणि तिचा घो, म्हणजे नवरा, मालवण बंदरातल्या एका ट्रॉलरवर खलाशी आहे. निवड झाली की एक वही करा. महिन्याचे १५०० जमा झाल्याची कुणकुण लागली की गडग्यावरून सहज विचारल्यासारखं विचारायचं, "काय गो वहिनी, पैसे इले काय?"

"इले आणि गेले पण, भाऊनू."

कुठे गेले, हे काढून घेणं यातच खरं कसब. मासळी आणली तर कुठली, ते बघा. बांगडा असेल तर एक वेळ सोडून द्या, पापलेट दिसलं तर तिठ्यावर जाऊन सांगा. मुलाला नवं दप्तर आलं तर जुन्याला काय झालं होतं, असं विचारा. आमच्या वहिनीने दुसऱ्याच महिन्यात स्वतःला चष्मा केला. माझ्या वहीत 'चैन' या सदरात त्याची नोंद आहे. नंतर कळलं, काजूगराची साल काढताना अख्खा गर मोडला की तुकड्यात जातो आणि तुकडे जास्त झाले की मुकादम बोलतो. डोळे गेल्यापासून तिचे तुकडे वाढले होते, चष्मा आल्यावर कमी झाले. पण नोंद एकदा केली की केली. वहीत खाडाखोड मला आवडत नाही.

घो दारू पितो का, हे मात्र पक्कं विचारून ठेवा. पैसे दिले की गरीब पितो, हे आपल्याला जन्मतःच माहीत असतं. त्यामुळे या विषयावरचं काही वाचण्याच्या भानगडीत पडू नका. मी एकदा पडलो. मध्य प्रदेशातल्या काही गावांत २०११ पासून वर्ष-दीड वर्ष 'सेवा' संस्थेने माणशी रोख पैसे देऊन पाहिले होते. लोकांनी ते पोटाला घातले, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, पोरांच्या शाळेवर घातले, आणि दारूचा खर्च काही वाढला नाही. २०१४ साली जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी देशोदेशींचे असले अभ्यास एकत्र करून पाहिले, तरी तेच निघालं. दोन दिवस माझी झोप उडाली. मग मी ठरवलं की हे सगळं तिकडचं. आमच्या वाडीचं पाणी वेगळं.

शब्दांकडे लक्ष ठेवा. आपल्याला मिळतो तो परतावा, अनुदान, नुकसानभरपाई, नाहीतर प्रोत्साहन. २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आला, ते प्रोत्साहन. वहिनीला मिळते ती रेवडी. पेन्शनीत आहात ना? मग तुमचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, कारण महागाई तुम्हाला लागते. ऐंशीच्या आतल्या निराधार म्हाताऱ्यांच्या पेन्शनीत केंद्राचा वाटा २०० रुपये आहे आणि २००७ पासून तो तेवढाच आहे. म्हातारीला महागाई लागत नाही. ती बाजारातच कुठे जाते!

आता एक अडचणीचा प्रश्न कुणी ना कुणी काढेल, त्याची तयारी ठेवा. घरबसल्या आलेल्या पैशाने माणूस आळशी होतो, हे तुम्ही ठासून सांगत असाल, तेवढ्यात कुणीतरी मनीऑर्डर काढेल. सगळं कोकण तिच्यावर जगलं. माझी आजी जगली. मुंबईच्या गिरणीतून आजोबा पाठवायचे, पोस्टमन खळ्यात बसून कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवायचा, आजी निळ्या शाईचा अंगठा उठवायची आणि नोटा कनवटीला. त्या पैशांवर ती आळशी झाली का? पहाटे भात कांडायची, दिवसभर तरव्यात वाकलेली असायची, रात्री दुसऱ्याच्या नारळाचे झाप विणायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पोस्टमनची वाट आमच्या घरापुरती मोडली, तेव्हा तरी ती जास्त कष्टाळू व्हायला हवी होती. तसं काही झालं नाही. एक म्हैस विकली गेली आणि माझ्या आत्याची शाळा सुटली. हा किस्सा मी तिठ्यावर सांगत नाही. तुम्हीही घरातले असे किस्से सांगू नका. ती मनीऑर्डर घामाची होती, हे उत्तर पाठ करून ठेवा. वहिनी काय गाळते, असं पुढे कुणी विचारलं तर चहा मागवा.

बाकी सरकारही आपल्याच बाजूचं आहे, अगदीच बेसावध नाही. संजय गांधी निराधार योजनेत बसायचं तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाचे ५७-५८ रुपये. त्यावर वर्षभर घर चालवलेला माणूस जिवंत असेल यावर सरकारचाही विश्वास बसत नाही, म्हणून तर दरवर्षी हयातीचा दाखला मागतात. शेतकरी सन्मान निधीचे वर्षाला ६ हजार मिळायला सातबाऱ्यावर नाव लागतं. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं, त्यांतली निम्मी मुंबईत आणि निम्मी वर. जो शेत कसतो, त्याचं नाव नेमकं राहिलेलं.

आणि केवायसी! लाडक्या बहिणीची ती २०२५ च्या सप्टेंबरात निघाली. बाईच्या फोनवर ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या आधारचाही ओटीपी. आमच्या वाडीत रेंज नाही, म्हणून वहिनी अंगणवाडीच्या बाईंना घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर गेली. तिचा ओटीपी आला. घोवाचा गेला त्याच्या फोनवर, फोन ट्रॉलरवर, ट्रॉलर समुद्रात. बोट बंदराला लागेपर्यंत त्या ओटीपीचं बारावं-तेरावं होऊन गेलं होतं. सड्यावर तीन खेपा, तीन दिवस खाडा. अशी कडक तपासणी हवीच, कारण तिच्याआधी याच योजनेत १४ हजारांवर पुरुष बहिणी म्हणून पैसे घेऊन गेल्याचं उघड झालं होतं. त्यांना कुणाला सड्यावर चढावं लागल्याचं ऐकिवात नाही.

एक पथ्य शेवटपर्यंत पाळा. वहिनीच्या दीड हजारांवर कितीही बोला, पण जवळच्या दवाखान्यात डॉक्टर का नाही, हे विचारू नका. गेल्या पावसात तिच्या सासऱ्याच्या छातीत कळ आली. इथे कुणी नाही म्हणून थेट गोव्याला, बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागलं. गाडीवाला दीड हजारांत खळ्यातून हलत नाही. तो विषय निघालाच तर म्हणा, "दीड हजार घेतात ना दर महिन्याला?" इतका उपयोगी हप्ता दुसरा नाही. द्यायला सोपा, आणि दिल्यावर बाकी कशाचं उत्तर द्यावं लागत नाही. २१०० करायचा शब्द निवडणुकीत दिला होता, तो पाळला तर आणखी ६०० रुपयांची शांतता मिळेल.

परवा मी मुद्दाम तिच्या मागोमाग तिठ्यावर गेलो. तिथे बँकेचा माणूस यंत्र घेऊन बसतो. वहिनीने अंगठा ठेवला. उठला नाही. काजूच्या तेलाने तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या आहेत. पदराने पुसून पुन्हा, मग तर्जनी, मग डावा हात, मग त्याने दिलेलं ओलं फडकं. सातव्या वेळी मधलं बोट लागलं. त्याने विचारलं, "किती काढू?"

"पाचशेच काढ रे. हजार ऱ्हवांदे. जून-जुलैत बोटींक बंदी, तेवा लागतले."

मी तिथेच वही काढली आणि लिहिलं: हजार रुपये खर्च केले नाहीत. अर्थात गरज नव्हती.