रीडर-रायटर लॉकबद्दलच्या ‘त्या’ मेसेजचा खुलासा

पवई-अंधेरीकडच्या प्रोग्रामरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय: ‘वाचणारे जास्त, लिहिणारे कमी असतील तर म्युटेक्स काढा, रीडर-रायटर लॉक लावा, वेग आपोआप वाढेल.’ म्युटेक्स म्हणजे सामायिक डेटाला एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकाला) हात लावू देणारं कुलूप. रीडर-रायटर लॉक अनेक वाचणाऱ्यांना एकदम आत सोडतो, लिहिणाऱ्याला मात्र एकट्यालाच.

आपोआप काही वाढत नाही. साध्या रचनेत प्रत्येक वाचक आत शिरताना एका सामायिक काउंटरमध्ये एक मिळवतो, निघताना एक वजा करतो. म्हणजे ‘फक्त वाचणारा’ थ्रेडही मेमरीत लिहितोच! तो काउंटर ज्या कॅश लाइनमध्ये (प्रोसेसरच्या जलद मेमरीतल्या छोट्या तुकड्यात) असतो, ती मग प्रोसेसरच्या एका कोअरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. आतलं काम चार ओळींचं असेल तर साधा म्युटेक्सच बाजी मारू शकतो. लॉक बराच वेळ धरून ठेवावा लागत असेल, तर मात्र सल्ल्यात तथ्य आहे.

दुसरी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: लिहिणाऱ्याची उपासमार, म्हणजे वाचक येतच राहिल्याने त्याची पाळीच न येणं. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीत पीथ्रेडचा (थ्रेड हाताळणाऱ्या प्रमाणित फंक्शनांचा) हा लॉक मुळात वाचकांना झुकतं माप देतो. ‘प्रीफर रायटर’ पर्याय निवडला तरी फरक पडत नाही. त्यासाठी ‘नॉनरिकर्सिव्ह’ शेपूट असलेला पर्याय लागतो. (नाव ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.) गो भाषेत उलट: लिहिणारा रांगेत लागला की नवे वाचक थांबतात. त्यामुळे एकाच गोरूटीनने (गोमधल्या हलक्या थ्रेडने) रीड लॉक दोनदा घेतला आणि मध्येच लिहिणारा आला, की डेडलॉक: दोघं एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात.

वाचणारे-लिहिणारे यांचा हा प्रश्न 1971 पासून शोधनिबंधांत आहे. बदलण्याआधी आपल्याच लोडवर दोन्ही मोजून पाहा.