सिरॅमिक इम्प्लांट ‘शंभर टक्के सुरक्षित’? थोडा खुलासा

वडोदऱ्यात दांडिया बाजार-रावपुरा भागातल्या मराठी ग्रुपांवर दातांच्या इम्प्लांटबद्दल, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘टायटॅनियमचा दात रक्तात विष सोडतो, सिरॅमिकचा शरीर कधीच नाकारत नाही.’ दोन्ही अर्धी वाक्यं चूक आहेत.

टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर चढतो, हाड चिकटतं ते त्या थराला. १९६५पासून हे इम्प्लांट माणसांत बसवले जाताहेत. अ‍ॅलर्जी होते, पण क्वचित.

सिरॅमिक म्हणजे इथे झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड), त्यात स्फटिकरचना स्थिर ठेवायला सुमारे ३ मोल टक्के इट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड). ऊतींना ते मानवतं, हिरडीतून काळी छटा दिसत नाही, हे खरंच. पण जैवअनुकूल म्हणजे अपयश अशक्य, असं नव्हे. ड्रिल करताना हाड थंड ठेवणारा सलाईनचा मारा कमी पडला आणि हाड मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसवर तापलं, तर ते मरतं; मग इम्प्लांट कशाचाही असो, तो हलू शकतो. तंबाखू आणि रक्तातल्या बेताल साखरेचंही तेच.

खरी गोम एकसंध प्रकारात आहे, ज्यात हाडातलं मूळ आणि वरचा दात बसवायचा खुंट एकाच तुकड्याचे असतात. त्याचा खुंट पहिल्या दिवसापासून हिरडीबाहेर असतो, म्हणून हाड भरेपर्यंत, साधारण ३ ते ६ महिने, त्यावर चावा येता कामा नये. उंच वाटला म्हणून तो पाण्याशिवाय कोरडाच घासला, की उष्णतेने सूक्ष्म तडे जातात, स्फटिकरचना बदलते आणि पुढे कधीतरी तो सरळ मोडतो. टायटॅनियम निदान आधी वाकतं.

पाकिटावरचं लॉट नंबराचं (इम्प्लांट कोणत्या खेपेतला ते सांगणारं) स्टिकर मात्र मागून घ्या; दोन्ही प्रकारांत.